शेवटचा टप्पा समाधानकारक

आमच्या पूरनियंत्रण मंडळात एक जुनी रीत आहे. वर्षाचा अहवाल आणि पुढच्या वर्षाचा आराखडा लिहायला घेण्याआधी सगळ्यांनी मिळून नदीचा बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालायचा. गाडी नाही, सायकल नाही. अध्यक्षबाई, मोठे इंजिनिअर, मंडळाचे सदस्य आणि नागरिकांपैकी ज्यांच्या पायात बळ आणि हाताशी वेळ आहे असे चार-दोन जण. चालताना कोणी बोट दाखवून म्हणालं, ‘इथे भेग आहे’, ‘इथे उंदरांनी बिळं केलीत’, की अहवाल लिहिणाऱ्याने ते जागच्या जागी टिपायचं. त्यातही एक नियम आहे. उभ्याने बोललेलं अहवालात जातं, बसून बोललेलं म्हणजे नुसत्या गप्पा. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही, पण तो पाळतात मात्र सगळे.

मी अहवालाच्या टेबलावर या वर्षीच आले. त्याआधी नकाशांच्या खोलीत होते, तिथे माणसांशी फारसा संबंध येत नसे. माझ्या आधीचे लेखनिक या वर्षीची बांधफेरी उरकून निवृत्त झाले आणि त्यांची टिपणं, मसुदा, एक अर्धवट भरलेलं स्टेपलर असा सगळा संसार माझ्या गळ्यात पडला. “काही करायचं नाहीये,” जाताना ते म्हणाले. “नीट टाइप करून बाहेरच्या फळ्यावर लावायचं. लोक येऊन बघतात. म्हणजे, येत नाहीत. पण आले तर बघतील.”

काही करायचं नाही असं मला कोणी सांगितलं की माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. घरात माझं नावच मुळी ‘चौकशी’. हे नाव माझ्या ताईने ठेवलं. लहानपणी पाहुणे यायचे असले की ती मला आधी दम द्यायची, “चौकशी, आज कोणाला काही विचारायचं नाही.” ताई माझ्याहून बरीच मोठी. ती पाहुण्यांपुढे पाण्याचे पेले घेऊन जाई तेव्हा मी तिच्यामागे उभी राहून पाहुण्यांच्या चपला कोणत्या दुकानातल्या असतील याचा विचार करत असे.

तर मसुदा. त्यात नुसती कोष्टकं होती. बांधाचे टप्पे, टप्प्यांसमोर तक्रारी, तक्रारींसमोर शेरे. हे कोण वाचणार, म्हणून मी त्याचं एक चित्र काढायला घेतलं. आडव्या रेषेवर टप्पे, उभ्या रेषेवर तक्रारींची संख्या. आमच्या कचेरीशेजारचा पहिला टप्पा, तिथून बाजार, मग लाकडाच्या वखारी, मग शाळा, असं करत खाली अगदी शेवटच्या सखल वस्तीपर्यंत. चित्र पुरं झालं आणि मी बघतच राहिले. बागेतल्या घसरगुंडीसारखं ते एका बाजूने उंच सुरू होऊन हळूहळू खाली उतरलं होतं आणि शेवटच्या टप्प्यांवर जमिनीला टेकलं होतं. शेवटच्या टप्प्यासमोर शेरा होता, ‘समाधानकारक’.

मी कपाटातून गेल्या वर्षीचा अहवाल काढला. तीच घसरगुंडी. त्याच्या आधीचा काढला, तरी तेच, पहिले पाढे पंचावन्न. दुपारचा डबा तसाच राहिला. नदी दरवर्षी वेगळी वागते, पाऊस वेगळा पडतो, उंदीरसुद्धा बिळं बदलतात. मग तक्रारीच तेवढ्या दरवर्षी एकाच उतारावरून कशा घसरतात?

चित्र घेऊन मी मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर. कानावर पेन्सिल ठेवायची आणि दिवसभर ती शोधायची, हा त्यांचा छंद. पण माणूस सरळ, आणि बांधावर त्यांचं स्वतःच्या घरापेक्षा जास्त लक्ष.

“छान काढलंयस,” ते म्हणाले. “साधं कारण आहे. खालचा बांध नंतर बांधला. माती चांगली वापरली. त्यामुळे तक्रारी कमी.”

“पण साहेब, मग एकदम पायरीसारखं खाली यायला हवं. जुना बांध संपला, नवा सुरू झाला, असं. हे तर हळूहळू उतरतंय. माती काय दर टप्प्याला थोडी थोडी सुधारत गेली?”

“आकड्यांशी वाद घालू नये.”

“वाद कुठे घालतेय? विचारतेय फक्त.”

“विचारायला वेळ आहे तुझ्याकडे. माझ्याकडे नाही. आराखडा वाचलास का? याच आकड्यांवर उभा आहे तो.”

आराखडा मी टाइप करून फळ्यावर लावला होता, पण वाचला नव्हता. आता बसून वाचला. शेवटच्या टप्प्यावर दोन पंप आहेत, एक जुना, एक नवा. नदी चढली की बांधातली दारं बंद करतात, म्हणजे नदी आत येत नाही. पण मग आत पडलेल्या पावसालाही बाहेर जायला वाट राहत नाही. ते सगळं पाणी वाहत सखल वस्तीत येतं आणि तिथले पंप ते उचलून बांधापलीकडे टाकतात. आराखड्यात लिहिलं होतं: शेवटच्या टप्प्यावर सलग अनेक वर्षं एकही तक्रार नाही, दोन्ही पंप चालू स्थितीत, सबब नवा पंप बाजाराच्या टप्प्यावर हलवावा, जुना पुरेसा आहे.

त्या शेवटच्या टप्प्यावर, पंपाच्या खोलीला लागून, माझ्या ताईचं पाळणाघर आहे.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? मी परत साहेबांकडे गेले आणि सांगून टाकलं, की तिथे माझी सख्खी बहीण राहते, तिची पोरंबाळं म्हणजे दुसऱ्यांचीच पण तिच्या ताब्यातली, तिथेच खेळतात.

“मग तर तू यात पडूच नकोस,” ते म्हणाले. “हरकत घ्यायची असेल तर तुझ्या बहिणीने घ्यावी. मसुदा लोकांसाठीच लावलाय. जनसुनावणी आहे. तिने येऊन बोलावं.”

त्यांचं चुकलं नव्हतं. पण ताई आणि तक्रार या दोन गोष्टी एका खोलीत मी कधी पाहिल्या नव्हत्या.

रविवारी तिच्याकडे गेले. भाऊजी लांबच्या ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ती एकटीच असते, खेळणी धूत. अंगणात दोरीवर चिंध्यांच्या बाहुल्या वाळत घातल्या होत्या. मी आराखड्याचा विषय काढला तर तिला सगळं माहीत होतं. एका मुलाच्या बापाने फळा वाचून येऊन सांगितलं होतं.

“तूच लिहिलंस ना ते?” बाहुली पिळत ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“मी टाइप केलं. मजकूर माझ्या आधीच्यांचा.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुढची बाहुली उचलली. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून दुसऱ्या बाजूला गेले. माझी बहीण माझ्यावर नाराज होती आणि ते सांगायचंही तिने टाळलं होतं.

दुसऱ्या बाजूला पत्र्याची खोली होती. तिथे एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वर स्वच्छ चादर. पाळणाघरात इतक्या मोठ्या खुर्च्या कशाला? विचारलं.

“त्या मंडळाच्या लोकांसाठी,” ताई म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. “दरवर्षी येतात ना बांधावरून. बिचारे सकाळपासून चालत असतात. इथे येईपर्यंत अगदी मेटाकुटीला आलेले. मी झाडाखाली खुर्च्या मांडून ठेवते. लिंबाचं सरबत, कलिंगडाच्या फोडी. तुमच्या अध्यक्षबाई तर चपला काढून पाय वर घेऊन बसतात. दर खेपेला म्हणतात, ‘वर्षभर तुमच्या सरबताची वाट बघते.’”

माझ्या डोक्यातला किडा ताठ उभा राहिला. “आणि मग?”

“मग काय? बसतात, गप्पा मारतात. विचारतात, ‘काय, सगळं ठीक ना?’”

“तू काय सांगतेस?”

“ठीक आहे म्हणते. दुसरं काय सांगणार?”

“आणि पंप?”

“पंपवाला चालू करून दाखवतो. म्हणजे आवाज येतो इथपर्यंत. ‘चालू आहे ना? चालू आहे.’ मग ते टेम्पोत बसून परत जातात.”

मी त्या खुर्च्यांपैकीच एक ओढून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मातीचा संबंध नव्हता, नदीचाही नव्हता. माणसं सकाळी कचेरीतून ताजीतवानी निघत होती आणि बाजारातल्या प्रत्येक दगडाला नावं ठेवत होती. वखारींपाशी पाय दुखायला लागत. शाळेपाशी भूक. आणि शेवटच्या टप्प्यावर माझी ताई सरबत घेऊन उभी. तिथे सगळे बसत, म्हणजे तिथलं काही लिहिलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. घसरगुंडी बांधाची नव्हती, त्यावरून चालणाऱ्यांच्या पायांची होती. ‘समाधानकारक’ हा शेरा खरं तर सरबताला मिळालेला होता.

मला हसू फुटलं. मग ताईकडे पाहिलं आणि ते गेलं.

“ताई, खरंच ठीक आहे का इथे?”

तिने हात पुसले. “जुना पंप नुसता आवाज करतो,” ती म्हणाली. “पाणी नाही उचलत. आतलं काहीतरी झिजलंय. सगळं काम नवा करतो.”

“आणि तू हे कोणाला सांगितलं नाहीस?”

“पंपवाल्याला सांगितलं. तो म्हणाला वर कळवतो.”

“अगं, ‘वर’ तुझ्या अंगणात सरबत पीत होतं!”

“मग काय करू? दमून आलेल्या माणसांपुढे रडगाणं गाऊ? आणि कळलं म्हणजे मुलांचे आईबाप काय म्हणतील? झाकली मूठ आहे गं माझी. तुला नाही समजायचं.”

सोमवारी मी साहेबांपुढे चित्र ठेवलं. ताईच्या पंपाबद्दल एक अक्षर बोलले नाही, ते तिने बोलायचं होतं. मी फक्त घसरगुंडीबद्दल बोलले. पाय, भूक, खुर्च्या.

साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली, हे विशेष. “म्हणजे तुझं म्हणणं काय? शास्त्रीय अहवालात लिहायचं, आम्ही दमलो होतो?”

“दमला होतात की नाही?”

“तो मुद्दाच नाही!”

दार उघडंच होतं. अध्यक्षबाई बाहेर फळ्याशी उभ्या होत्या, त्या आत आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, निवृत्त शिक्षिका. शाळेत त्यांनी भूमिती शिकवली होती आणि अजूनही कोणी बोलायला लागलं की त्या आधी ‘सिद्ध कर’ अशा नजरेने बघतात.

“मला एक सांगा,” त्या साहेबांना म्हणाल्या. “हिचं म्हणणं खोटं असेल तर उलटं चाललो तरी चित्र असंच यायला हवं. बरोबर?”

“बरोबर, पण...”

“आणि खरं असेल तर घसरगुंडी दुसऱ्या बाजूला तोंड करेल.” त्यांचे डोळे चकाकत होते. “सुनावणीच्या आधी चालून बघू. खालून वर. मला तर आताच उत्सुकता लागलीय.”

साहेबांनी हात वर केले. पण त्यांनाही उत्सुकता लागली होती, हे त्यांनी पेन्सिल विसरून दुसऱ्या कानावर शोधली त्यावरून कळलं.

आता राहिली ताई. तिला मी एकच गोष्ट मागितली: त्या सकाळी खुर्च्या मांडायच्या नाहीत. सरबत नाही, फळं नाही, काही नाही.

“वेड लागलंय का तुला?” पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली. “दारात आलेल्या माणसाला उभं ठेवू? आईने हेच शिकवलं का आपल्याला?”

“ताई, सकाळी येतायत ते. दमलेले नसतील.”

“दमलेला असो नसो, माणूस माणूस असतो. मंडळातल्या मोठ्या मोठ्या माणसांना मी कोरडी उभी ठेवली, असं लोक म्हणतील. आणि तुला काय म्हणतील ते वेगळंच. नोकरीला लागून दिवस किती झाले तुला त्या टेबलावर? हात दाखवून अवलक्षण!”

“तू खुर्च्या मांडल्यास तर ते बसतील. बसले तर लिहिता येणार नाही.”

“मग नको लिहूस,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. मी पायरीवर तशीच उभी राहिले. पाळणाघरात एक मूल झोपेत कण्हलं, तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला, बराच वेळ.

फेरीच्या सकाळी आम्ही टेम्पोने शेवटच्या टप्प्यावर पोचलो. मी आधी झाडाखाली बघितलं. खुर्च्या नव्हत्या. ताई बांधाच्या पायथ्याशी उभी होती, इस्त्रीचे कपडे घालून. हातात काहीच नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. कधी पाठीमागे घ्यायची, कधी पुढे. मुलं खिडकीच्या गजांना नाकं लावून बघत होती. तिचा चेहरा लाजेने लाल झाला होता आणि माझ्याकडे ती बघतही नव्हती.

अध्यक्षबाईंनी सवयीने झाडाखाली नजर टाकली, मग त्यांनाच हसू आलं. “काय,” त्या ताईला म्हणाल्या, “सगळं ठीक ना?”

ताईने तोंड उघडलं. तिचं उत्तर मला ठाऊक होतं, इतक्या वर्षांत ते जिभेवर घट्ट बसलं होतं. मी कागदाकडे बघत राहिले. मंडळाची नोकर म्हणून मला तिच्याकडे नुसतं बघूनही काही सुचवायचं नव्हतं.

“नाही,” ताई म्हणाली. “ठीक नाही.”

ती वळली आणि चालायला लागली, म्हणून आम्हीही निघालो. पंपाच्या खोलीशी तिने पंपवाल्याला जुना पंप चालू करायला सांगितला. घरघर सुरू झाली. सदस्यांनी माना डोलावल्या. “आता इकडे,” ताई म्हणाली, आणि तिने सगळ्यांना बांध चढून नदीच्या बाजूला नेलं, जिथे पंपाचा पाइप बाहेर निघतो. आजवर मंडळाचं कोणी तिथे उतरलं नव्हतं. पाइपच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. पलीकडे पंप घरघरत होता आणि इकडे जाळं हलतसुद्धा नव्हतं.

साहेब खाली बसले, त्यांनी जाळं बाजूला करून पाइपमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा त्यावर नुसती धूळ होती. ते हाताकडे बघत राहिले. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी आवाज ऐकून सही केली.”

“मी पण आवाजच ऐकवला,” ताई म्हणाली. मग तिला थांबता येईना. “गेल्या खेपेला नदी चढली तेव्हा नवा पंप मधेच बंद पडला. वीज गेली का काय झालं. आली तेव्हा जुनाच आधी सुरू झाला आणि नुसता घरघरत बसला. पाणी अंगणातून पायरीवर आलं. पायरीवरून आत. मी पोरांना एकेक करून पोटमाळ्यावर नेलं. तान्हं होतं त्याला टोपलीत घालून नेलं. आणि सगळ्यांना मोठ्याने गाणी म्हणायला लावली. खाली पाण्यात खेळणी भिंतीवर आपटत होती ना, तो आवाज त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नवा पंप सुरू होईपर्यंत माझा घसा बसला. संध्याकाळी आईबाप आले तर मी सांगितलं, आज आम्ही माळ्यावर खेळलो. लादी पुसून ठेवली होती. कोणाला कळलं नाही.” ती थांबली. “मला फार भीती वाटली होती. अजून वाटते.”

मी लिहीत होते. त्या दिवशी संध्याकाळी मी तिला फोन केला होता, हे मला आठवलं. ‘पाऊस काय म्हणतो?’ म्हणाले होते. ती म्हणाली होती, ‘ओसरला.’ मग आम्ही एका लग्नाबद्दल बोललो होतो.

तिथून वरचा सगळा बांध आम्ही उलटा चाललो. शाळेपाशी गटाराची जाळी तुटलेली सापडली, वखारींच्या मागे भलंमोठं भगदाड. आजवर कोणाला दिसलं नव्हतं. सदस्य एकमेकांना हाका मारून दाखवत होते. मग ऊन चढलं. बाजाराच्या टप्प्यावर पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं. तिथे एका सायकलवाल्याच्या दुकानामागे बांधाला भेग होती, आदल्या फेरीत तिच्यावर अर्धं पान लिहिलं गेलं होतं. सायकलवाला पाना हातात घेऊनच बाहेर आला. “साहेब, ती भेग...”

“हो हो, ठीक आहे,” साहेब त्याच्या ओट्यावर टेकत म्हणाले. “लिही गं, समाधानका...”

ते मधेच थांबले. सायकलवाल्याने त्यांच्या हातात थंड पाण्याचा पेला दिला होता. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या पसरलेल्या पायांकडे. अध्यक्षबाई आधी हसल्या. मग साहेबही, आणि ते हसू आवरेना म्हणून पेला खाली ठेवावा लागला. सायकलवाला बिचारा, आपलं काय चुकलं म्हणून बघत राहिला.

“सिद्ध झालं,” अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी सभागृह चक्क भरलं. मंडळाचे लोक स्वतःवर हसले, ही बातमी गावभर झाली होती आणि ते बघायला कोणीही येतं. सुधारलेल्या अहवालातलं पहिलंच वाक्य साहेबांनी स्वतः लिहिलं होतं आणि अध्यक्षबाईंनी ते मोठ्याने वाचलं: ‘खालच्या टप्प्यांबाबतचे मागील सर्व वर्षांचे शेरे पाहणी करणारे दमलेले असल्याने ग्राह्य धरू नयेत.’ लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवल्या, मग एकदम गप्प झाले. बहुधा आपण त्या टप्प्यांत राहतो हे काहींना तेव्हा आठवलं असावं. नवा पंप जागेवर राहणार होता, जुना दुरुस्तीला जाणार होता, बाजाराची भेग वेगळी भरणार होती.

ताई मधल्या रांगेत बसली होती. तिची झाकली मूठ उघडली होती आणि त्याची किंमत तिला लागली होती. टोपलीतल्या त्या तान्ह्याच्या आईने दुसऱ्याच दिवशी मूल काढून नेलं. बाकीच्यांनी भांडून, रागावून, शेवटी ठेवलं. एका बापाने तर माळ्याला कठडा बसवून दिला.

“आणखी कोणाला काही विचारायचंय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

ताई उठली. मी कोरं पान काढलं.

“माझं काम झालं,” ती म्हणाली. “पण पुढच्या वर्षी कुठून चालणार? खालून निघालात तर बाजार शेवटी येईल. वरून निघालात तर पुन्हा मी. शेवटी कोणीतरी राहणारच ना? मग त्याचं काय?”

साहेबांनी पेन्सिल कानावरून काढली, वहीवर टेकवली, काही लिहिलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

“तुम्हाला काय वाटतं?” शेवटी अध्यक्षबाईंनीच विचारलं.

“दोन दिवसांत करा,” ताई म्हणाली. “अर्धं आज, अर्धं उद्या. मधे घरी जाऊन झोपा.”

कोणीतरी मागून म्हणालं, “आधीपासून एका दिवसातच करतात,” आणि स्वतःच खाली बसलं. ठराव तिथेच झाला.

सभा उठल्यावर ताई माझ्या टेबलापाशी आली. मी तिचे हात धरले. बाहेर लोक तिच्याकडे वळून वळून बघत जात होते.

“फार बोलले का गं मी?”

“नाही,” मी म्हणाले. “उशिरा बोललीस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, रागावलीही नाही.

“तूही उशिराच विचारलंस,” ती म्हणाली.